समुद्र नाही म्हणून काय झालं!

कुनमिंग

प्रिय शालू,

"चीनच्या त्या कोपऱ्यात आहे तरी काय?" असं विचारतेस. अगं, बीजिंगहून पाहिलं तर आमचा हा युन्नान प्रांत कोपराच. पण इथून दक्षिणेकडे तोंड करून बघ. म्यानमार, लाओस आणि व्हिएतनाम मिळून चार हजार किलोमीटरची हद्द! समुद्र मात्र नाही. माल बाहेर काढायचा तर शेजाऱ्यांशी जमवून घेणं आलंच. म्हणून १९९२ साली आशियाई विकास बँकेनं मेकाँग खोऱ्यातले देश एकत्र आणले, तेव्हा चीनकडून पुढे झाला तो हा प्रांत.

त्याचं फळ बाजारात दिसतं, तेही अगदी नाकाला! थायलंडचा डुरियान, दिसायला आपल्या फणसाचा काटेरी चुलतभाऊ, लाओसमार्गे रेल्वेनं येतो. उलट इथल्या दौनान बाजारातली फुलं ट्रकमधून बँकॉककडे निघतात.

कुनमिंग ते लाओसची राजधानी व्हिएन्तियान ही १,०३५ किलोमीटरची रेल्वे डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. प्रवाशांची गाडी सरहद्दीवर आली की खरी धांदल. मोहानला बोचकी घेऊन उतरायचं, चीनचा शिक्का घ्यायचा, परत चढायचं. बोगदा संपला की बोतेनला पुन्हा तेच, आता लाओसचा शिक्का. पुढे थायलंडचे रूळ अरुंद, त्यामुळे व्हिएन्तियानला कंटेनरही गाडी बदलतात.

पण प्रांताची धाव हद्दीपर्यंतच, बरं का. रुइली हे म्यानमारला खेटून असलेलं जेडच्या व्यापाराचं गाव. आधी कोरोनाच्या टाळेबंदीनं त्याचं कंबरडं मोडलं, मग २०२३ च्या अखेरीस पलीकडे लढाई पेटली आणि व्यापार पुन्हा ठप्प. मेकाँगवरच्या इथल्या धरणांबद्दल खालचे देश कुरकुरतात, ते वेगळंच. आपल्याकडचंही ऐक: भारत, बांगलादेश, म्यानमार आणि चीन यांना जोडायची बोलणी १९९९ मध्ये कुनमिंगलाच सुरू झाली. २०१३ मध्ये कोलकात्याहून मोटारींची रॅलीसुद्धा इथवर आली. पुढे गाडं अडलं ते अडलंच. दिल्ली-बीजिंगचं सूत जुळल्याशिवाय युन्नानच्या उत्साहाला विचारतो कोण?

तू मात्र ये. बँकॉकहून रात्रीच्या गाडीनं व्हिएन्तियानला उतर, तिथं स्टेशन बदल, मुक्काम कर आणि दुसऱ्या दिवशी कुनमिंगची गाडी धर. फक्त भाजणी आणू नकोस. ही कसली पावडर, हे दोन-दोन कस्टमवाल्यांना समजावताना तुझ्या नाकी नऊ येतील!

तुझी,
मीनू