डागाची बाजू

फळवाल्याच्या हाताला एक सवय असते. फळ उचलायचं, तळव्यावर हलकेच फिरवायचं आणि डागाची बाजू मागे सारून रचायचं. आपल्यालाही ती ठाऊक असते, म्हणून आपण प्रत्येक फळ उलटं करून बघतो. कुणी कुणाला काही बोलत नाही.

माझ्या टेबलासमोर काराव्हाज्जोच्या ‘फळांची टोपली’ या चित्राची छापील प्रत आहे. मूळ चित्र सोळावं शतक संपता संपता रंगवलेलं. ते मिलानच्या आंब्रोझियाना संग्रहालयात असतं. कित्येक दिवस मी त्याच्याकडे कॅलेंडरकडे बघावं तसं बघत होतो. एका दुपारी नजर मधल्या सफरचंदाशी अडली. लाल-पिवळ्या गालावर किडीचं भोक, तेही अगदी समोर! फळ बोटभर फिरवायला या माणसाला काय झालं होतं?

मग बाकीचंही दिसू लागलं. द्राक्षांवरची धुरकट साय. पिकून उललेलं अंजीर. कुरतडलेली, कडांनी करपलेली पानं. उजवीकडची तर पार वाळून सुरकुतलेली. फलोद्यानाचे अभ्यासक ज्यूल्स जॅनिक यांनी बागेची पाहणी करावी तशी या टोपलीची पाहणी केली आणि त्यातल्या किडी आणि रोग ओळखले. चारशे वर्षांनंतर रोगाचं निदान व्हावं, इतकं ते बघणं चोख!

टोपलीमागे खिडकी नाही, पडदा नाही. नुसता फिकट पिवळसर उजेड. ती फळीच्या कडेवरून जराशी पुढे आली आहे आणि तिची सावली कडेवर पडली आहे. प्रत्येक वेळी वाटतं, बोटानं थोडी आत ढकलावी.

आमच्या घरी आंब्याच्या दिवसांत एकच कायदा असे: लागलेला आधी खा. त्यामुळे आज लागलेले संपवायचे. उद्यापर्यंत चांगल्यातले दोन लागायचे, मग ते. असा अख्खा मोसम आम्ही डागी आंबेच खाल्ले. बाजार डाग लपवतो, घर तो आधी संपवतं. काराव्हाज्जोनं दोन्ही केलं नाही. डाग समोर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

हे चित्र कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांच्याकडे होतं. 1618 मध्ये त्यांनी आपला संग्रह आंब्रोझियानाला दिला, त्यात तेही गेलं. या टोपलीला जोड म्हणून तशीच दुसरी ठेवायची त्यांची इच्छा होती. पण तोडीचं काही मिळेना, म्हणून ही एकटीच राहिली, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. एवढ्या मोठ्या धर्माधिकाऱ्याला किडक्या सफरचंदाच्या शेजारी मांडायला काही मिळू नये, याची मला फार गंमत वाटते. निर्दोष फळं कुणीही रंगवली असती. पण ती फळवाल्याच्या मांडणीसारखी दिसली असती आणि आपण लगेच मनातल्या मनात उलटून पाहिली असती. इथे उलटून पाहायची गरजच पडत नाही.

आज सकाळी पेरू आणले. ताटलीत रचताना हात आपोआप फिरला आणि एकाचा डाग मागे गेला. क्षणभर थांबलो आणि तो पेरू मुद्दाम पुन्हा पुढे फिरवून ठेवला. खिडकीतून ऊन येत होतं. छान दिसत होता.

दुपारी पाहिलं तर तेवढाच नव्हता. घरच्या कायद्याप्रमाणे कुणीतरी आधी खाल्ला होता.