बुटका ससा आणि सोलापूरचा उन्हाळा

सोलापुरात ससा घ्यायचा असेल तर दिवाळीचे फटाके संपल्यावर घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. पुढे थंडीचे महिने असतात, पिल्लू घरात रुळतं आणि त्याच्या उन्हाळ्याची सोय करायला वेळ मिळतो. प्रत्यक्षात बहुतेक घरांत ससा येतो तो परीक्षा संपल्याचं बक्षीस म्हणून, म्हणजे ऐन एप्रिलमध्ये. इथला पारा तेव्हा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. माझ्या दवाखान्यात सर्वांत वाईट अवस्थेतले ससे येतात ते याच दिवसांत.

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही त्याला साधत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कान असतात. कानांतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि वाऱ्याने रक्त थोडं निवतं. बुटक्या सशाचे कान जेमतेम पाच सेंटिमीटरचे, त्यात अंगावर दाट लोकर. तीस अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुपारी काय होत असेल, याचा विचार पिंजरा विकत घेण्याआधी करावा. जुन्या धाब्याच्या मातीच्या घरांत ससे उन्हाळा निभावून नेतात, हे मी पाहिलेलं आहे.

उपाय साधे आहेत. आपली हवा कोरडी असल्यामुळे वाळ्याचा कूलर इथे चांगलं काम करतो. फक्त झोत थेट अंगावर नको आणि खिडकी उघडी हवी. सोलापुरी टॉवेल ओला करून, पिळून पिंजऱ्याच्या एका बाजूला टाकावा. बसायला शहाबादी फरशीचा तुकडा द्यावा. ससा तोंड उघडून श्वास घेऊ लागला, कान लालभडक झाले, हनुवटी लाळेने ओली झाली, तर साध्या पाण्याने कान ओले करत थेट डॉक्टर गाठावा. बर्फाच्या पाण्यात त्याला बुडवू नये; त्या धक्क्याने जीव जातो.

आता निवडीबद्दल. ‘डॉर्फ’ म्हणून विकलं जाणारं पिल्लू बऱ्याचदा फक्त लहान वयाचं असतं. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या न्यूझीलंड व्हाइटचं चार आठवड्यांचं पिल्लू अर्ध्या किलोच्या आसपास भरतं, आणि पूर्ण वाढलेला नेदरलँड डॉर्फ असतो साधारण एक किलोचा. न्यूझीलंड व्हाइट मात्र पुढे चार-पाच किलोंचा होतो. शिवाय चार आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडलेलं असतं. त्याची आतडी घट्ट अन्नाला तयार नसतात आणि हगवणीने ते आठवडाभरात दगावतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. शक्य असेल तर त्याचे आईबाप पाहा.

खऱ्या बुटक्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा बुटकेपणा एका जनुकातून येतो. त्याची एक प्रत मिळाली तर ससा छोटा, गोल डोक्याचा होतो. दोन्ही प्रती मिळाल्या तर पिल्लू जगत नाही. म्हणजे दोन बुटक्यांचं जोडपं लावलं की साधारण चौथा हिस्सा पिल्लं मरण्यासाठीच जन्माला येतात. हौस म्हणून घरी वीण करायला मी म्हणूनच ठाम विरोध करतो. आणि डोकं आखूड झालं तरी दात आखूड होत नाहीत.

सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. घेण्याआधी अंगठ्याने वरचा ओठ हळूच वर करून पाहा. वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे यायला हवेत. समोरासमोर टेकत असतील किंवा खालचे बाहेर आले असतील, तर त्या सशाचे दात आयुष्यभर कापावे लागतील. मग शेपटीखाली पाहा: जागा कोरडी हवी, आणि पिंजऱ्यातल्या लेंड्या गोल, सारख्या आकाराच्या.

दातांचं आणि आतड्यांचं औषध एकच, वाळलेलं गवत. खाण्याचा मोठा हिस्सा तेच असावं आणि ते दिवसरात्र समोर असावं. बाहेरून पाकिटातलं महागडं गवत मागवायची गरज नाही. मारवेल, पवन्या, हरळी वाळवून द्या. कडब्याची स्वच्छ, बुरशी नसलेली पानं चालतात. हिरवी कोवळी ज्वारी मात्र कधीच देऊ नका. किरळ लागून जनावर दगावतं, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मुळ्याचा पाला, कोथिंबीर रोज मूठभर. लसूणघास वाढत्या पिल्लाला ठीक. मोठ्या सशाच्या लघवीत त्याने चुन्याचा गाळ साठतो. गाजर बोटाच्या पेराएवढं, तेही कधीतरी. भाकरी, पोळी, बिस्किट बंद. पहाटे तो स्वतःची मऊ, घोसासारखी लेंडी खाताना दिसला तर हाकलू नका. आंधळ्या आतड्यात तयार झालेली जीवनसत्त्वं तो तशीच परत मिळवतो.

सशाने बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याला उलटी करता येत नाही आणि थांबलेलं आतडं आपोआप सुरू होईलच असं नसतं. औषधाच्या दुकानातून काहीही आणून पाजू नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं आणि मागोमाग सशालाही. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवाराही त्याला विषारी आहे. खरूज झाली तर त्यावर इंजेक्शन आहे, आणि ती बरी होते.

उचलताना कान धरू नका. एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली. त्याची हाडं इतकी हलकी आणि मागच्या पायांचा जोर इतका मोठा, की हवेत लाथ झाडताना त्याचाच कणा मोडतो. जोडी घेत असाल तर नर-मादी डॉक्टरांकडून तपासून घ्या. गर्भकाळ फक्त एकतीस दिवसांचा आहे आणि व्याल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. एकटी मादी असेल तरी गर्भाशय काढून घेणं हिताचं; वय वाढलं की तिथे कर्करोग होण्याचं प्रमाण फार मोठं आहे.

सुगीत नान्नजकडच्या माळावरून कुणी रानसशाचं पिल्लू उचलून आणतं, पाळायला म्हणून. तो प्राणीच वेगळा आहे. तो बिळात राहत नाही, त्याचं पिल्लू केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतं आणि आई त्याला मुद्दाम एकटं ठेवते. फक्त पाजायला येते. ते अनाथ नसतं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. जिथून उचललं तिथेच ते ठेवून या.

नीट सांभाळलेला बुटका ससा आठ-दहा वर्षं जगतो. पाचवीतल्या मुलासाठी आणलेला ससा त्याच्या कॉलेजच्या दिवसांतही घरात असेल आणि गवत आईच घालत असेल, म्हणून हा निर्णय मोठ्यांनी स्वतःच्या हिमतीवर घ्यावा. कधी झेपेनासं झालंच, तर त्याला कंबर तलावाच्या काठावर सोडून येऊ नका. पाळीव सशाला तिथली कुत्री रात्रही काढू देत नाहीत. ओळखीत घर शोधा, आपल्या डॉक्टरांना विचारा. सांभाळणारं कुणीतरी मिळतं.