काट्यांच्या ओळी

फळमाशीच्या भ्रूणात एखादं कळीचं जनुक बिघडलं, की अळी अंड्यातून बाहेर पडत नाही. पण मरण्यापूर्वी बहुतेक वेळा ती आपली क्युटिकल, म्हणजे त्वचेवरचं कवच, तयार करून ठेवते. काय बिघडलं ते तिथे उमटलेलं असतं. ते वाचणं हे आमचं काम.

अंडी ब्रशने गोळा करायची, ब्लीचने वरचं आवरण काढायचं, हेप्टेन आणि मिथेनॉलमध्ये हलवून आतला पापुद्रा सोडवायचा. मग स्लाइडवर लॅक्टिक आम्ल घातलेल्या हॉयर्स द्रावणात ठेवून रात्रभर ऊब द्यायची. सकाळपर्यंत मऊ भाग विरघळतात आणि अर्धा मिलिमीटर लांबीचं कवच तेवढं उरतं. काळ्या पार्श्वभूमीवर ते लखलखतं.

निरोगी अळीच्या पोटावर प्रत्येक खंडात काट्यांचा पट्टा आणि त्यामागे गुळगुळीत जागा असते. पट्ट्यात साधारण सहा ओळी. पहिल्या आणि चौथ्या ओळीचे काटे डोक्याकडे वळलेले, बाकीचे शेपटीकडे. पाचवीतले सगळ्यांत ठसठशीत. शेजारच्या पेशी एकमेकींना संदेश देतात, त्यातून ही नक्षी ठरते. ईजीएफआर मार्गाचा संदेश आला की ‘शेवनबेबी’ जनुक चालू होतं आणि काटा उगवतो. ‘विंगलेस’ प्रथिन पोचलं की ते बंद राहतं.

म्हणून विंगलेस नसलेल्या भ्रूणाचं सगळं पोट काट्यांनी भरून जातं. ते पाहून काहीतरी जास्तीचं घडलंय असं वाटतं. खरं तर थांबवणारा संदेश हरवलेला असतो. या कामाने मला शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

विंगलेस माशी प्रथम नोंदवली ती भारतात, आर. पी. शर्मा यांनी, १९७३ साली. १९८० मध्ये हायडेलबर्गला न्यूसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस या शास्त्रज्ञांनी अशीच कवचं तपासून खंडरचना घडवणारी १५ जनुकं मांडली; त्यांच्या १९९५ च्या नोबेलमागे हेच काम होतं. त्यांतल्या ‘हेजहॉग’चा मार्ग बिघडला, की माणसाच्या त्वचेचा एक कर्करोग होऊ शकतो.

प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: लेबलवरचं जनुकाचं नाव वाचण्याआधी स्लाइड पाहा. कोणती ओळ गेली, काटे कुणीकडे वळले, ते स्वतःच्या हाताने कागदावर काढा. नाव त्यानंतर वाचा.