निर्मनुष्य

खर्डी सोडल्यावर आणि कसारा येण्यापूर्वी लोकल उंबरमाळीला थांबते. कार्तिकातील एका पहाटे तेथे दोन मित्र उतरले. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली, मैत्री शाळेपासूनची. भातसेच्या जलाशयाला वळसा घालून डोळखांब, तेथून आजोबा डोंगराच्या पायथ्याचे डेहणे, पुढे मुरबाड तालुक्यात शिरून टोकावडे, वैशाखरे आणि शेवटी नाणेघाट चढून घाटमाथा, असा पाच दिवसांचा पायी बेत होता. एकाजवळ वही होती, दुसऱ्याजवळ नव्हती. हा भेद तेव्हा दोघांनाही क्षुल्लक वाटला.

मराठी प्रवासलेखनाची चर्चा निवेदकाच्या ‘मी’भोवती जितकी झाली, तितकी त्याच्या सोबत्याविषयी झालेली नाही. वस्तुतः या परंपरेच्या मुळाशी एकटा प्रवासी नाही. नामदेवांच्या नावावरील ‘तीर्थावळी’त ज्ञानदेव तीर्थाटनाला निघतात ते नामदेवांची संगत मागून घेऊन. वाटेत तहान लागते, विहीर खोल असते. एक योगबळाने पाणी पितो, दुसरा विठ्ठलाचा धावा करतो आणि विहीर भरून वाहू लागते. पाणी एकच, त्याच्याकडे जाण्याच्या रीती दोन. आणि दोघे असल्याखेरीज ही कथा संभवत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले तेही काका रामभटांसमवेत. मात्र ‘माझा प्रवास’मध्ये लेखणी पुतण्याच्या हाती आहे, काकांना वाचक पुतण्याच्या डोळ्यांनीच पाहतो. रामभटांनी ते हस्तलिखित वाचून ‘हे असे घडले नाही’ असे म्हटले असते तर काय झाले असते, हा प्रश्न संहितेत उद्भवत नाही. उंबरमाळीहून निघालेल्या या दोघांत तो उद्भवला.

पहिले दोन दिवस सुखाचे गेले. भाते कापून झाली होती. खाचरांत खुंट उरले होते आणि काही ठिकाणी त्याच ओलीवर वाल टोकले जात होते. खळ्यांशेजारी उडव्या रचलेल्या. गवत पिवळे पडू लागलेले, आणि सकाळी त्यावरचे दव पायांतील बूट भिजवून टाकी. थंडी अजून आली नव्हती, परंतु तिची चाहूल संध्याकाळी लागे: सूर्य डोंगराआड गेला की हवेतला उबारा एकाएकी ओसरे आणि दोघे न बोलता काटक्या गोळा करू लागत. बिनवहीच्या मित्राचा उजवा गुडघा दुखरा होता. मागे राहणाऱ्याच्या पावलाने पुढच्याने चालायचे, हा नियम त्यांनी तरुणपणीच ठरवलेला. फक्त तेव्हा मागे राहणारा दुसरा होता. त्या नियमाचा उच्चार आता कोणी केला नाही.

डोळखांबच्या अलीकडे त्यांना एक कुटुंब भेटले. पुरुषाच्या डोक्यावर अंथरुणाचे गाठोडे, बाईच्या डोक्यावर टोपलीत भांडी आणि भांड्यांवर पाय बांधलेली कोंबडी. मागे दोन मुले, धाकट्याच्या अंगात मोठ्या माणसाचा सदरा. कोठे निघालात, असे विचारल्यावर पुरुषाने ‘भट्टीवर’ एवढाच शब्द उच्चारला. सडकेवर ट्रक येणार होता. दोघांनी बाजूला होऊन वाट दिली.

या एका शब्दात या भागातले अर्धे वर्ष सामावलेले आहे. दिवाळी झाली, भात घरात आले, की कातकरी आणि ठाकूर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा बयाणा घेतलेला असतो. तो विटा पाडून फेडायचा असतो, आणि हिशेब मालकाच्या वहीत असतो. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली. बयाण्याची वही रद्द झाली नाही. मुलांची शाळाही बहुधा याच वाटेवर सुटते. सहलीला निघालेल्यांना जो ऋतू चालण्याचा वाटतो, तोच यांनाही चालायला लावतो.

तिसऱ्या रात्री डेहण्याजवळ शेकोटी पेटवून दोघे बसले होते. आजोबाचा कडा अंधारात अधिकच उंच वाटत होता. वाल्मीकींचा आश्रम तेथे होता आणि लव-कुश त्यांना आजोबा म्हणत, म्हणून डोंगराचे हे नाव, असे या भागात सांगतात. वहीवाल्या मित्राने दिवसांची टिपणे वाचून दाखवली. वर्णन चांगले होते. उजेड, कडे, पाखरे, सारे नेमके उतरले होते. एका वाक्यात ‘मैलोन् मैल निर्मनुष्य रान’ असे शब्द आले आणि दुसऱ्याने हात वर करून त्याला थांबवले.

“निर्मनुष्य कुठं होतं? परवा एका दिवसात अकरा माणसं भेटली. मी मोजली.”

“अरे, तो शब्द भावनेचा आहे. जनगणना करत नाहीये मी.”

“भावना कुणाची?”

वहीवाल्याने उत्तर दिले नाही. वाद पुढे वाढला, आणि जुन्या मैत्रीत वाढतो तसा भलत्याच गोष्टींवर गेला: कोण नेहमी बेत ठरवतो, कोणाच्या गुडघ्यामुळे चाल मंदावली. परंतु मुद्दा सुटला नव्हता. ‘निर्मनुष्य’ हा शब्द भ्रमंतीच्या लेखनात इतका रुळला आहे की तो निरीक्षणाचा नसून अपेक्षेचा आहे, हे लिहिणाऱ्यालाही जाणवत नाही. रान माणसांवाचून असावे, अशी ही अपेक्षा शहराची. ज्या शहराला तानसेचे, वैतरणेचे आणि भातसेचे पाणी याच तालुक्यातून जाते आणि ज्याच्या घरांना याच हातांच्या विटा लागतात. धरणांच्या या तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मार्च 2018 मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी कसारा घाट उतरून मुंबईला पायी गेले. 2020 च्या टाळेबंदीत मजूर त्याच घाटाने उलट दिशेला चालत निघाले. तेव्हा ही वाट माणसांची आहे हे सर्वांना दिसले. गर्दी झाली तरच माणूस दिसतो. चौघांचे कुटुंब निसर्गवर्णनात विरघळून जाते.

‘माझा प्रवास’ 1907 मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केला तो संस्कार करून. मूळ लेखनाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांमुळे 1966 मध्ये वाचकांपुढे आला. मधली जवळजवळ साठ वर्षे वाचकांनी संस्कारित पाठालाच मूळ मानले. प्रत्येक प्रवासाची वही या दोन पाठांच्या दरम्यान असते. सोबती हा तिचा पहिला पाठचिकित्सक; तो नसेल, किंवा असून गप्प बसेल, तर संस्कारित पाठ तेवढा उरतो.

चौथा दिवस दोघे जवळजवळ न बोलता चालले. वहीवाला नेहमीप्रमाणे मागच्याच्या पावलाने चालत होता. राग असूनही नियम मोडला गेला नाही. पाचव्या सकाळी वैशाखऱ्याहून नाणेघाटाच्या पायऱ्या चढून ते लेण्यात पोहोचले. भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे: यज्ञांची नावे आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांची मोजदाद. मागच्या भिंतीत राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या नष्ट झाल्या आहेत. त्यांच्या वर कोरलेली सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावे राहिली आहेत. ज्या मालाच्या जकातीवर हा घाट उभा होता तो माल वर वाहून आणणाऱ्यांचा उल्लेख लेखात नाही.

वहीवाल्याने तेथेच बसून वही उघडली, ‘निर्मनुष्य’ खोडले आणि पेन्सिल तशीच धरून राहिला.

“लिही की,” दुसरा म्हणाला.

“काय लिहू? नाव काय त्यांचं?”

दुसऱ्याने अकरा माणसे मोजली होती. नाव त्यानेही विचारले नव्हते. कोणत्या पाड्यावरचे, हेही नाही. तो गुडघा चोळत समोरच्या भिंतीकडे, मूर्ती नसलेल्या त्या नावांकडे, पाहत राहिला. मग दोघे उठले आणि घाटमाथ्याच्या गार वाऱ्यात, मागच्याच्या पावलाने, चालू लागले.