कोयनेलची मात्रा

आमच्या पाथरीतील वडीलधारी मंडळी हिवतापाच्या आठवणी सांगताना कोयनेलच्या कडूपणापाठोपाठ कान वाजल्याचेही सांगत. सिंकोनाच्या सालीतून १८२० साली पॅरिसमध्ये वेगळे काढलेले हे द्रव्य तापाच्या जंतूपुरते थांबत नाही. मेंदूतील पेशी उत्तेजित झाली, की तिच्या पटलातील सूक्ष्म वाहिन्यांतून पोटॅशियम बाहेर पडते आणि ती शांत होते. कोयनेल या वाहिन्या अडवते, उत्तेजना लांबते, असे प्रयोगांत दिसले आहे. प्रमाण वाढले, तर श्रवण, दृष्टी, हृदयाची लय, सारेच बिघडू शकते. एक मात्रा जास्त झाली की ओळ अडखळते, एवढेच आम्ही वर्गात शिकवत आलो. औषधात तीच मात्रा जिवावर बेतते. आमच्या भाषेने दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला, तो उगाच नव्हे.