दवाखान्यात न आलेला रुग्ण : पन्नाशीनंतर मी पुन्हा अभ्यास का करतोय

गेले काही महिने माझ्या टेबलावर बीपीच्या मशीनशेजारी एक जाडजूड पुस्तक असतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याबद्दल विचारलं. केनवडच्या एका जुन्या पेशंटने तर हसतच विचारलं, "डॉक्टरसाहेब, आता या वयात कोनती परीक्षा देऊन राह्यले?"

परीक्षा नाही, पण अभ्यास खरा आहे. ते पुस्तक सार्वजनिक आरोग्यशास्त्राचं आहे. आम्ही डॉक्टर त्याला नुसतं 'पार्क' म्हणतो. एमबीबीएसला असताना मी ते पास होण्यापुरतंच वाचलं होतं. मेडिसिन आणि सर्जरी हे खरे विषय. विहिरी, संडास, लसीकरण आणि टक्केवारीचा हा विषय दुय्यम, असं तेव्हा आम्हा बहुतेकांना वाटायचं. पुढे एमडी झालो, दवाखाना सुरू केला आणि पुस्तक माळ्यावर गेलं.

पुढच्या वर्षापासून आठवड्यातले दोन दिवस दवाखाना बंद ठेवून केनवड आणि आसपासच्या गावांत आरोग्याचं काम करायचं मी ठरवलं आहे. त्यासाठी ते पुन्हा खाली काढलं. "गावात शिबिर घ्यायला कसला आलाय अभ्यास?" असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. माझं मत का बदललं ते आज सांगतो.

सात पेशंट आणि एक आजोबा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिला पाऊस झाला होता, पेरणीची धांदल सुरू होती. एका आठवड्यात एकाच वस्तीतले ७ जण जुलाब-उलट्या घेऊन माझ्याकडे आले. प्रत्येकाला नीट तपासलं. कुणाला सलाईन लावलं, कुणाला ओआरएस दिलं. सगळ्यांना विचारलं, "काल काय खाल्लं होतं?" सातही जण बरे झाले. मी समाधानी होतो.

पुढच्या आठवड्यात त्या वस्तीच्या आशाताई स्वतःच्या मुलाला दाखवायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे आले ते सगळे खालच्या गल्लीतले. वरच्या घरांत कोणीच आजारी नाही. मधात नळाचा व्हॉल्व्ह गळतो नं, तिथंच नालीचं पाणी साचते." मग जरा थांबून म्हणाल्या, "खालच्या गल्लीतले एक आजोबा परवा वारले. तीन दिवस हगवण लागली होती. घरचे सगळे पेरणीवर. म्हातारपण आहे म्हणून कोणी दवाखान्यात आणलंच नाही."

त्या गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. सात नावं होती. आजोबांचं नाव असण्याचं कारणच नव्हतं. ते माझे पेशंट नव्हते. पण पहिल्या तिघांना मी "पाणी कुठून भरता?" एवढं विचारलं असतं आणि ग्रामपंचायतीला एक फोन केला असता, तर बाकीचे कदाचित आजारीच पडले नसते. आणि "घरी, शेजारी आणखी कुणाला त्रास आहे का?" असं विचारलं असतं, तर ओआरएसची चार पाकिटं त्या आजोबांपर्यंत पोचली असती. मी सात माणसं बरी केली. आजार मात्र व्हॉल्व्हजवळ तसाच राहिला.

माझ्या एमडीच्या शिक्षणात काही कमी नव्हती. पण ते शिक्षण समोर बसलेल्या माणसाचं होतं. न आलेल्या माणसाचं शास्त्र वेगळं आहे. ते मी शिकलो नव्हतो.

अंश आणि छेद

हे शास्त्र समजायला शाळेतला अपूर्णांक पुरतो. वर अंश, खाली छेद. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला फक्त अंश दिसतो, म्हणजे जे आले ते. छेद म्हणजे सगळं गाव: बरे असलेले, आजारी असलेले, पैसे नाहीत म्हणून, गाडी नाही म्हणून किंवा पेरणी आहे म्हणून घरीच थांबलेले.

समजा, ४,००० वस्तीच्या गावातून तापाचे २० रुग्ण आले आणि २०० वस्तीच्या तांड्यातून ८. दवाखान्यात बसून वाटेल की त्रास गावात जास्त आहे. पण गावात २०० जणांमागे एकच आजारी आहे आणि तांड्यात ८. पहिली धाव तांड्याकडे घ्यायला हवी. छेद माहीत नसेल तर भला डॉक्टरही चुकीच्या ठिकाणी धावतो.

शिबिरांचंही तेच. सकाळी ११ वाजता शाळेत बीपीचं शिबिर लावलं, तर शेतात गेलेला माणूस त्यात येत नाही आणि अंथरुणाला खिळलेलाही येत नाही. शिबिरात आलेल्यांचा आकडा हा गावाचा आकडा नसतो. शिवाय बीपी सापडलं, पण पुढच्या महिन्याची गोळी कोण देणार हे ठरलं नसेल, तर नुसतं मोजून काय मिळवलं? अशी शिबिरं मीही घेतली आहेत, म्हणून हक्काने सांगतो.

आधी शिकले, मग गेले

हा धडा शिकणारा मी पहिला नाही. आपल्या विदर्भातले डॉ. रवींद्र कोल्हे एमबीबीएस होऊन मेळघाटातल्या बैरागडला गेले. तिथे आपलं शिक्षण अपुरं पडतंय हे त्यांना दिसलं. ते परत आले, प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात एमडी केलं आणि पुन्हा बैरागडला गेले. डॉ. स्मिता कोल्हेही सोबत होत्या. आजाराच्या मुळाशी गरिबी आणि पोटाला न मिळणं आहे हे कळल्यावर त्यांनी शेती आणि रेशन यांतही लक्ष घातलं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आधी ग्रामीण रुग्णालयात काम केलं. येणारे बरेचसे आजार टाळता येण्यासारखे आहेत हे पाहून ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. तिथे गावोगावच्या, फारशा न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही त्याच विद्यापीठात शिक्षण घेतलं आणि १९८६ पासून ते गडचिरोलीत काम करू लागले. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला फार शिकवून गेली. घरी जन्मलेली आणि घरीच गेलेली तान्ही बाळं कुठल्याच दवाखान्याच्या रजिस्टरात नसतात. त्यांनी आधी गावोगावचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला. मग ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलं: बाळाचं वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कधी द्यायचं. तिथे नवजात बाळांचा मृत्युदर हजार जन्मांमागे ६२ वरून सुमारे २५ वर आला. हे संशोधन १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येऊन बाळ पाहतात, त्यामागे हे काम आहे.

या सगळ्यांचा क्रम एकच होता: मोजा, लोकांना विचारा, कारण शोधा, काम गावातल्या माणसाच्या हाती द्या आणि फरक पडला का ते पुन्हा मोजा. मी आता हेच शिकतोय. घरच्यांशी बोलून मृत्यूचं कारण कसं शोधायचं हेही त्यात आहे. तो पाठ वाचताना मला ते आजोबा आठवले.

तुम्ही काय करू शकता?

१. जुलाब सुरू झाले की लगेच ओआरएस सुरू करा. एक पाकीट १ लिटर स्वच्छ पाण्यात. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. थोडं थोडं, वारंवार पाजा. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर फोन करून प्रमाण विचारा.

२. लघवी कमी झाली, माणूस सुस्त पडला, पाणी पोटात ठरत नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर पेरणी थांबवा आणि दवाखाना गाठा. म्हाताऱ्या माणसाचे जुलाब वयामुळे होत नाहीत. उलट त्यांच्या अंगातलं पाणी लवकर आटतं.

३. डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगा: पाणी कुठून भरता आणि गल्लीत आणखी कोण आजारी आहे. आशाताईंनाही कळवा.

४. ग्रामसभेत विचारा: टीसीएल पावडर रोज टाकली जाते का? शेवटच्या घरच्या नळाला क्लोरीन तपासतात का? कोणता व्हॉल्व्ह गळतोय?

पुढच्या वर्षी केनवडकडे आलो की गळ्यात स्टेथोस्कोप असेलच, पण पहिले काही महिने मी वहीच जास्त वापरेन. घरोघरी येईन आणि भरपूर प्रश्न विचारेन. तुम्ही शेतावर असाल तर शेजाऱ्यांकडे निरोप ठेवा. आणि शेजारी कोण अंथरुणाला खिळलंय, तेही सांगून ठेवा. मला आधी त्यांच्याकडे जायचं आहे.