पांढरी चार

पेटीतल्या बाकीच्या सुरांशी माझं वैर नाही. वैर आहे ते पांढरी चारशी, आणि तेही नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या पेट्यांमध्ये. गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीला हे दुखणं नाही. ती काळी एकमध्ये जन्म काढते, तिचा गंधार बिनधास्त उतरवावा. आमच्या ‘उपासना संगीता’त मात्र ना. वा. टिळकांचं पद आणि विलायती चालीचं गीत एकाच पुस्तकात नांदतात, आणि रविवारी एकाच पेटीवर पाठोपाठ वाजतात. पदाला काळी एकचा सा धरला की पांढरी चार त्याचा गंधार होते. मग चार आवाजांचं गीत येतं, आणि तीच पट्टी त्याचा षड्ज होऊन बसते, नाहीतर पंचम.

गंधार म्हणून तिला चौदा सेंट खाली यायचं असतं. षड्ज म्हणून तिला केसभरही हलायचं नसतं. खाली नाही आणली तर काळी एकसोबत दाबून बघा, सेकंदाला दहा-अकरा लहरी थरथरत राहतात. आणली तर पुढच्या गीताचा पायाच खचतो. सात सेंटांवर तडजोड केली, तर दोन्हीकडून शिव्या. डबल सुरांच्या पेटीत एक सूर वर आणि एक खाली ठेवायची युक्ती बरेच जण करतात. एक पट्टी दाबली की दोन्ही एकमेकांवर लहरतात आणि लोक म्हणतात, काय गोड पेटी आहे! ती गोडी मला सहन होत नाही. साखर टाकून नासलेलं दूध खपवण्यातला प्रकार आहे तो.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी आणि क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच दुखण्यावर बावीस श्रुतींची पेटी काढली. लंडनच्या मूर यांनी ती बनवली, १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडलीही गेली. विद्वान लोक. पण शेवगावकडच्या देवळातला पेटीवाला आठवडाभर ऊस तोडतो आणि रविवारी हात धुऊन वाजवायला बसतो. त्याला बारा पट्ट्याच पुरत नाहीत, असं कोण सांगणार? १९४० साली आकाशवाणीने पेटीला बाहेर काढलं, ती १९७१ साली परत आत आली. आमच्या मंडळ्यांना दोन्ही वेळा पत्ता नव्हता.

यंदाच्या उन्हाळ्यात मंडळीने सुट्टीतल्या बायबल शाळांचा दौरा ठरवला: राहुरी, नेवासे, वडाळा, शेवगाव. शिक्षिका मुलांना गोष्टी आणि गाणी शिकवणार, पाळकसाहेब संध्याकाळी भक्ती घेणार आणि मी पेट्या बघणार. मे महिन्यात लाकूड आकसतं, झडपांतून हवा गळते, भाता रिकामाच धापा टाकतो. पितळ तापून सूर किंचित उतरतात, पण सगळे मिळून उतरतात, त्याची काळजी करू नये. काम पहाटे करायचं, पंखा बंद ठेवून. पूर्वी मी नुसत्या कानावर करायचो. आता तार सप्तकातल्या बारीक लहरी मला ऐकू येत नाहीत, म्हणून पेटीच्या कडेला दात टेकवतो. मुलं हसतात. हसू देत, लहरी दातांत बरोबर कळतात.

हल्लीचे जुळवणारे मोबाइल समोर ठेवून काटा मधोमध आणतात आणि पैसे घेऊन जातात. काट्याला एका वेळी एकच सूर कळतो. वाजवणारा जोरकस हाताचा असेल तर भात्याच्या दाबाने मंद्रातले सूर खाली बसतात, ते बसायला नकोत तर आधी कुठे ठेवायचे, हे काट्याला विचारून बघा. त्यांच्या पेट्या चुकीच्या नसतात. मला ऐकवत नाहीत, एवढंच.

वडाळ्याला असताना मित्राचा फोन आला. अण्णा गेले. अण्णा म्हणजे त्याचे वडील. आम्ही सगळेच त्यांना अण्णा म्हणायचो. मिळेल ती एस.टी. धरून नगर गाठलं.

अण्णांच्या मंडळीची पेटी माझ्याच हातची. तिच्यातली पांढरी चार मी अण्णांसाठी उतरवली होती, मुळाशी खरवडून, पूर्ण चौदा. अण्णा टिळकांची पदं म्हणत तेव्हा त्यांचा गंधार पेटीच्या खाली लागायचा आणि तिथेच राहायचा. पेटी ऐकून सुधारणारा गळाच नव्हता तो. “बाळा, तुझी पेटी जरा उंच बोलती,” एवढंच म्हणायचे. मी उतरवली. त्यानंतर विलायती गीतांना ती पेटी कण्हते हे मला माहीत होतं, पाळकांनाही माहीत होतं. अण्णा पुढच्या बाकावर असेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

दफनविधीच्या आधी देवळात गीत झालं, नेमकं पांढरी चारमधलं. सगळे उभे, मित्र पेटीजवळ तोंड फिरवून उभा, आणि मी मात्र एका पट्टीकडे कान लावून बसलेलो. मग पद झालं, काळी एकमध्ये. गंधार असा बसला की बाहेरगावाहून आलेल्या पेटीवाल्याने मागे वळून हळूच विचारलं, कुणी जुळवली? मी लगेच सांगितलं. मित्राशी तोवर एक शब्दही बोललो नव्हतो. आणि खरं सांगायचं तर ते विचारणं मला आजही आवडतं. सुरांच्या फळीखाली मी पेन्सिलने नाव आणि तारीख लिहितो, ते काही पुढच्या जुळवणाऱ्याच्या सोयीसाठी नाही.

पद चालू असताना पुढच्या बाकांवरची तरुण मंडळी गात होती, मनापासून गात होती. त्यांचा गंधार वर होता, कीबोर्डच्या जागी. पेटीशी त्यांचं जुळत नव्हतं आणि त्यांना ते जाणवतही नव्हतं. तो खालचा गंधार लागणारा गळा त्या देवळात आता एकही नाही.

सांत्वनाच्या भक्तीनंतर मित्र म्हणाला, “आता ती कीबोर्डला जुळवून दे रे. पोरांची कुचंबणा होती.” त्याचं बरोबर आहे. त्याच्या वडिलांच्या आवाजाचा ठसा त्या पितळेत आहे, हे त्याला ठाऊक नाही असंही नाही; मीच कितीदा बढाई मारून सांगितलंय. सूर परत चढवायचा तर टोकाशी खरवडावा लागेल. आधी मुळाशी पातळ केलेली जीभ टोकाशीही पातळ केली तर ती फार दिवस टिकायची नाही. नवा सूर बसवणं हाच सरळ मार्ग.

पेटी माझ्याकडे आणून ठेवली आहे. पाळकसाहेबांचे फोन येतात. पालिताण्याहून सूर यायचा आहे, असं मी सांगतो. तो केव्हाच आलाय.